अण्णांचा हिरवा बिल्ला

तासगावात वर्धमान अण्णांच्या शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायकांना अर्धी मजुरी नोटांत मिळायची आणि अर्धी प्लास्टिकच्या तुकड्यांत. नवख्या माणसाला हे ऐकून अण्णांचा रागच यायचा. पण तोच माणूस आक्काताईसमोर तसं काही बोलला असता, तर तिनं त्याला बेदाण्यातल्या काडीसारखा उचलून बाजूला टाकला असता.

आक्काताई त्या शेडची मुकादम. बायका गोळा करायच्या, टेबलांवर बसवायच्या, कुणाच्या हातून काड्या राहतात आणि कुणाच्या तोंडात बेदाणे जातात यावर डोळा ठेवायचा, हे तिचं काम. गोष्ट त्या प्लास्टिकच्या तुकड्यांची आहे, म्हणून आधी ते आले कुठून ते सांगायला हवं.

नोटाबंदीच्या हिवाळ्यात बँकांपुढं रांगा लागल्या, अण्णांच्या तिजोरीतल्या नोटा एका रात्रीत कागद होऊन बसल्या आणि शेडमध्ये निवडायचा माल तसाच पडून राहिला. बेदाणा सरकारसाठी थांबत नाही, बाहेर राहिला तर काळा पडतो. तेव्हा अण्णांनी मोडके हिरवे क्रेट कापून गोल चकत्या करून घेतल्या, तापल्या लोखंडानं त्यांच्यावर ‘व’ डागला आणि बायकांना म्हणाले, “ह्यो पैसा न्हवं बरं का. ही तुमच्या कामाची खूण. एक बिल्ला म्हंजे शंभर रुपयं. माझ्याकडं नोटा आल्या की घिऊन जावा.”

समोरच्या नानासो वाण्यानं त्या खुणेवर तेल-साखर द्यायला सुरुवात केली. अण्णांनी आयुष्यात कुणाचं बुडवलं नव्हतं, आणि नानासोला त्या वेळी दिल्लीपेक्षा अण्णा जवळचे होते. मागोमाग पिठाची गिरणी आली, औषधाचं दुकान आलं. पुढं नव्या नोटा आल्या, त्यातली सगळ्यांत मोठी आली तशी परतही गेली, आणि हिरवा बिल्ला आपला होता तिथंच राहिला.

त्याला अण्णांनी एकच नियम घातला होता. बिल्ल्यावर वर्षभर दुकानातनं जिन्नस घ्यावा. रोकड मात्र वर्षातनं एकदाच, झिरो पेमेंटला. दिवाळी जवळ आली की बेदाण्याचे सौदे बंद राहतात आणि सगळे व्यापारी एकमेकांचं देणंघेणं फेडून कोरे होतात, त्याला बाजारात झिरो पेमेंट म्हणतात. अण्णा आधी वाण्या-गिरणीवाल्यांचे बिल्ले मोडून द्यायचे, मग एकेका बाईला बोलवायचे आणि तिचे बिल्ले घेऊन तिच्याच हातावर नोटा ठेवायचे. एखादीचा नवरा आलाच तर त्याच्या पायांकडं बघत विचारायचे, “तुमी कवा निवडला हो बेदाना?” तो बिचारा निमूट परत जायचा.

पृथ्वीराज नावाच्या तरुण व्यापाऱ्यानंही मधल्या काळात आपला बिल्ला काढून बघितला. गुलाबी, गुळगुळीत, वर गॉगल लावलेला स्वतःचा फोटो. शिवाय दहा बिल्ल्यांवर एक फुकट. आठवडाभर बायका भुलल्या. मग त्याचं पेमेंट दोनदा लांबलं आणि नानासो त्याचा शंभराचा बिल्ला ऐंशीला धरू लागला. पुढच्या उन्हाळ्यात पोरं पृथ्वीराजच्या फोटोंनी सूरपाटीच्या खेळाची पाटी आखत होती. सरकारी तज्ज्ञांना ज्याचा निकाल लावायला दहा बैठका लागल्या असत्या, तो तासगावच्या बायकांनी तेल-मीठ आणता आणता लावून टाकला.

आक्काताईचा बिल्ल्यावर जीव होता, त्याचं कारण मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ते कारण म्हणजे तिचा नवरा.

धोंडिराम वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, पान सोडून व्यसन नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही, गावात कुणाची म्हैस अडली तरी रात्रीचा उठून जाणारा. पण त्याला बैलगाड्यांच्या शर्यतींचा नाद होता. मैदान कुठंही असो, विट्याच्या माळावर नाहीतर पार साताऱ्याच्या बाजूला पुसेगावला, धोंडिराम हजर. तिथं गेला की खिशात असेल ते पैजेवर लावायचा आणि हरला की हसत हसत घरी यायचा. प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम एका खोंडात अर्ध्या भागीला गेली आणि तो खोंड सुटला की झेंड्याकडं जायचं सोडून चाऱ्याकडं जायचा. घरात नोट दिसली की धोंडिराम लाजत म्हणायचा, “ही एवढी दे की. रविवारी परत करतू.” त्याच्या त्या लाजण्यापुढं आक्काताईचं काही चालत नसे. सगळ्या शेडला धाकात ठेवणाऱ्या बाईला या एका माणसाला नाही म्हणता यायचं नाही. बँकेत खातं होतं, पण त्याचा नंबर, फोन आणि फोनमधला गुप्त आकडा सगळं त्याच्याच ताब्यात.

बिल्ल्याला मात्र तो हात लावायचा नाही. मैदानात हिरवी चकती कोण घेणार? बिल्ल्याचं तेल होईल, पीठ होईल, पैज काही होणार नाही. म्हणून गेली काही वर्षं आक्काताई झिरो पेमेंटलाही सगळे बिल्ले मोडत नसे. थोडे मोडायची, बाकीचे ज्वारीच्या कणगीत तळाशी सरकवून ठेवायची. ते बिल्ले प्रियदर्शनीसाठी होते.

प्रियदर्शनी तिची धाकटी. बारावी झाल्यापासून तिनं एकच हट्ट धरला होता, बापासारखी एसटी चालवायची. त्यासाठी अवजड गाडीचं लायसन लागतं आणि ते शिकवणारा क्लास सांगलीला होता. आधी अर्धी फी, मग महिनाभरानं उरलेली. धोंडिरामला लेकीचं कौतुक होतं, तो पंचक्रोशीत सांगत हिंडायचा, “माझी पोरगी स्टेरिंग धरनार!” फी कुठनं येणार हा प्रश्न मात्र त्याला कधी पडला नाही.

त्या दिवाळीला अण्णांचा मुलगा अरिहंत पुण्याहून कायमचा परत आला. हुशार, मनानं चांगला, आणि चांगलं करायची त्याला फार घाई. झिरो पेमेंटला तो बापाशेजारी बसला आणि बघतो तर बायका निम्मेच बिल्ले मोडायला आणतायत. त्यानं अण्णांना विचारलं, “बाकीचे बिल्ले कुठं आहेत?”

“आसत्याल घरात. दरसाल आसंच हुतंय.”

“अण्णा, म्हणजे लोक सरकारी नोट सोडून तुमचा बिल्ला साठवून ठेवतायत! कळतंय का तुम्हाला, हे काय आहे ते?”

अण्णांना काही कळलं नाही. मग अरिहंत शेडमध्येच बोलू लागला आणि टेबलाशी बसलेल्या आक्काताईच्या कानावर सगळं पडत राहिलं. पैसा काढायचा मक्ता एकट्या सरकारकडं का, असं तो म्हणत होता. किराणा दुकानं दहा असतात म्हणून भाव ताळ्यावर राहतो, मग पैसाही दहा जणांनी काढावा. कायद्यानं तशी मोकळीक द्यावी. ज्याचा पैसा टिकेल तो लोक ठेवतील, ज्याचा सडेल तो टाकून देतील, आणि मग सरकारलाही आपली नोट नीट सांभाळावी लागेल.

“नोटाबंदीत काय झालं? एका भाषणात सगळा देश रांगेत. त्या दिवशी लोकांकडं दुसरा पैसा असता तर?”

“आरं, पर ह्यो पैसा न्हवंच,” अण्णा म्हणाले. “वकिलानं तवाच सांगितलंय मला. पैसा म्हणून चालवाय लागलो तर कायदा आडवा येतूय. ही खूण हाय.”

“कायदा आज ना उद्या बदलेल. आपण बिल्ला चांगला करून ठेवू. त्यात दोनच उणिवा आहेत. रोकड वर्षातनं एकदा मिळते आणि फक्त बायकांना नि दुकानदारांनाच मिळते. जो मोडायला त्रास तो वाईट पैसा, अण्णा. कुणीही, कधीही आणावा आणि खिडकीवर रोकड घेऊन जावं. तेव्हा कुठं तो नोटेच्या बरोबरीनं उभा राहील.”

 अण्णांचं मन कचरत होतं, पण मुलगा परत आला होता, धंद्यात रस घेत होता. त्याच्या पहिल्याच गोष्टीला मोडता घालणं त्यांच्या जिवावर आलं.

पाडव्याला अरिहंतनं बायकांना गोळा केलं आणि नवा नियम सांगितला. मग आपणहून विचारलं, “कुणाची काही हरकत? आक्काताई, तुम्ही सांगा.”

 नको म्हणावं, असं आक्काताईच्या अगदी ओठावर आलं. पण नको म्हटलं की का नको ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं म्हणजे, माझ्या नवऱ्याच्या हातात पैसा ठरत नाही, हे भरल्या शेडमध्ये बोलून दाखवायचं. मुकादम बाई ती. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, “आमाला काय कळतंय त्यातलं? तुमी म्हणशीला तसं.”

बाकीच्या बायकाही काही बोलल्या नाहीत. आक्काताईच्या शेजारी बसणाऱ्या साक्षीनं तर बोटातला बेदाणा चिरडून टाकला, पण तोंड उघडलं नाही. प्रत्येकीला वाटत होतं की ही आपल्याच घरची लाज आहे, बाकीच्यांना तर आनंदच झाला असणार. अरिहंतनं त्या शांततेला होकार समजून खिडकीवर बोर्ड लावला.

अरिहंतचं गणित चुकलं नव्हतं, असं म्हणायला हवं. महिन्याभरात बिल्ला सुसाट सुटला. स्टँडवरचा चहावाला घेऊ लागला, पानपट्टीवाला घेऊ लागला, केस कापणारा घेऊ लागला. माधवनगरच्या एका कापडवाल्यानंही घेतला म्हणे. कधीही तासगावला गेलं की खिडकीवर रोकड हजर, मग कोण नाही म्हणेल? अरिहंत खूश होता. अण्णा रोज खिडकीवर येणारी अनोळखी माणसं बघायचे आणि मुकाट्यानं पैसे मोजून द्यायचे.

आक्काताईनं मनाशी ठरवलं होतं की रविवार गेला की सोमवारी बिल्ले मोडायचे, त्याच पावली सांगलीची एसटी धरायची आणि फी भरून मोकळं व्हायचं. क्लास त्याच आठवड्यात सुरू होणार होता. रविवारी दुपारी ती पानपट्टीपाशी थांबली होती, तेव्हा पानवाला सहज म्हणाला, “आज डायवरमामा जोरात हुतं. पुसेगावला मैदान हाय न्हवं. सकाळी खिडकीवर बिल्लं मोडून आलं आन उरलेल्या एकावर पान खाल्लं की त्यांनी.”

आक्काताई घरी कशी पोचली ते तिचं तिलाच कळलं नाही. कणगीत खांद्यापर्यंत हात घातला. वर ज्वारी, खाली ज्वारी. तळाला हात टेकला तरी ज्वारीच.

प्रियदर्शनी दारात उभी राहून बघत होती. “आई, बाबांनी न्हेलं?”

 आक्काताई तिथंच कणगीला टेकून बसली. नवऱ्याचा राग यायला हवा होता, पण तिला आठवत होता पाडव्याचा दिवस आणि अरिहंतचा प्रश्न. विचारलं होतं पोरानं, नाव घेऊन विचारलं होतं, आणि आपण शहाणपणानं गप्प बसलो. त्याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांना धारा लागल्या.

दिवस मावळायला धोंडिराम आला तो गुलालानं माखून. दारातनंच ओरडला, “कुठं हाईस गं? बाहीर ये! लोणंदच्या जोडीनं फायनल मारली, फायनल! डबल झालं!” आणि त्यानं नोटांचा पुडका तिच्या ओटीत टाकला.

शेजारपाजार गोळा झाला. कुणीतरी पेढे आणायला धावलं. प्रियदर्शनीनं आनंदानं बापाला मिठी मारली. आक्काताई ओटीतल्या नोटांकडं बघत राहिली. दोन्ही वेळची फी भागेल एवढं होतं तिथं, आणि तरी तिला काहीतरी मेल्यासारखं वाटत होतं.

“अगं, हास की,” धोंडिराम म्हणाला. “मी काय चोरलं व्हय? तुझंच तुला दुप्पट करून दिलं. आन ह्यातलं निम्मं पुढच्या रविवारी लावायचं. नशीब उघडलंय माझं. आता म्होरं तुला कणगीत लपवाय नको, सरळ माझ्याकडंच देत जा.”

तो हसत होता आणि त्याच्या बोलण्यात काडीचंही कपट नव्हतं. मग लाजत त्यानं हात पुढं केला, आणि आक्काताईनं निम्मा पुडका त्याच्या हातात दिला. नाही म्हणता आलं नाही. उरलेल्या निम्म्यातनं दुसऱ्या दिवशी मायलेकींनी सांगलीला जाऊन पहिली अर्धी फी भरली. पुढची अर्धी महिन्यानं भरायची होती आणि ती आता फक्त मजुरीतनंच येणार होती.

सांगलीहून परत आल्यावर ती घरी न जाता तडक शेडवर गेली. अण्णा आणि अरिहंत दोघंही होते, टेबलांवर बायकाही होत्या. आज मात्र तिनं कुणाकडं बघितलं नाही.

“अण्णा, पयल्यासारखा नियम करा. बाईलाच, आन वर्साला एकदाच.”

अरिहंत चकित झाला. “पण आक्काताई, आता तर तो कुठंही चालतोय. चांगलंच झालं की.”

“चालतोय, म्हणूनच बोलतीया. आदी त्याचं निस्तं तेल हुत हुतं. आता त्याची पैज हुतीया. माझ्या मालकानं कणगीतनं काढून मैदानात लावलं. तुमी त्यो नोटंसारखा केला आन नोटंसारखाच त्यो माझ्या हातातनं गेला. आमी बिल्लं ठिवत हुतो ते त्याचा भाव लय म्हणून न्हाई. ते घरातल्या दुसऱ्या कुनाला मोडता येत नव्हतं, म्हणून.”

 मग साक्षी बसल्या जागेवरनं म्हणाली, “माझ्या घरातलं दारूच्या दुकानात गेलं. पाडव्यापास्नं तिसऱ्यांदा.” पलीकडच्या टेबलावरनं आणखी एक आवाज आला, मग आणखी एक. कुणाचे दिरानं नेले होते, कुणाचे लेकानं मोबाईलसाठी. इतकी वर्षं खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या बायका एकमेकींकडं पहिल्यांदाच बघितल्यासारख्या बघत होत्या.

अरिहंतचा चेहरा उतरला. तो बापाकडं वळला. “अण्णा, आजच बोर्ड काढू. उद्यापासून खिडकी बंद.”

“आन बाहीर गेलेत त्यांचं काय?” अण्णा म्हणाले. “चहावाल्यानं, पानवाल्यानं माझ्या नावावर घेतल्यात चकत्या. त्यांस्नी माघारी लावलं तर रात्रीत नोट बुडवणारा आन मी, दोघांत फरक काय राहिला? न्हाई. खिडकी शेवटचा बिल्ला परत येईपतूर उघडी राहनार.” थोडा वेळ ते टेबलावरच्या बेदाण्यांवरनं हात फिरवत राहिले. “फकस्त नवीन द्यायचा बंद. लोकांनी त्याचा पैसा केला, आता त्याची पुन्ना खूण करता येत न्हाई. आक्काताई, शनवारपास्नं सगळी मजुरी नोटांत. मला माफ करा. मला हे तवाच दिसाय पायजे हुतं.”

अण्णांनी मजुरणीची माफी मागितली, याचं त्या वेळी कुणाला नवलही वाटलं नाही. सगळ्यांच्या डोक्यात शनिवार होता.

शनिवारी संध्याकाळी बायकांनी करकरीत नोटा घेतल्या, कुणी पदरात बांधल्या, कुणी पिशवीत तळाशी घातल्या आणि घोळक्यानं फाटकाकडं निघाल्या. पुढं चाललेली साक्षी एकदम थांबली, तशी मागची सगळी रांग थांबली.

फाटकाबाहेर माणसं उभी होती. कुणी सायकलवर, कुणी मोटरसायकलवर, कुणी नुसतंच भिंतीला टेकून. शेड उभी राहिल्यापासून बायकांना न्यायला कुणाचा नवरा कधी आला नव्हता. आज सगळे आले होते. त्यात धोंडिरामही होता, धुतलेला सदरा घालून, गाडी चालू ठेवून.

“बस मागं,” तो प्रेमानं म्हणाला. “दमली आसशील. पिशवी दे हिकडं.”

आक्काताईनं पिशवी पोटाशी धरली. तिच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं हे एक काम तिच्या वतीनं तो प्लास्टिकचा तुकडा करत होता. त्यानं नाही म्हणायचं आणि हिनं नुसतं गप्प राहायचं. आता तसं कुणी मध्ये नव्हतं. धोंडिराम लाजत हसला आणि त्यानं हात पुढं केला. 

“पिशवी न्हाई देनार,” ती म्हणाली. आवाज कापला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, आणि या खेपेला फाटकापाशी उभ्या असलेल्या प्रत्येक पुरुषाला ऐकू गेलं. “न्हाई. पैसं माझं हायती. प्रियदर्शनीची फी भरायची हाय.”

धोंडिरामचा हात तसाच पुढं राहिला. त्याला राग आला नव्हता, तो नुसता तिच्याकडं बघत होता, लग्नानंतर एवढ्या वर्षांनी बायकोचा आवाज पहिल्यांदा ऐकल्यासारखा. मग त्यानं हात मागं घेतला आणि गाडी बंद केली.

आक्काताई त्याच्या गाडीवर बसली नाही. ती स्टँडच्या दिशेनं चालू लागली, आणि पाठीमागं साक्षी आपल्या नवऱ्याला काय म्हणते ते ऐकायला तिनं पावलं जरा हळू केली.